न पटलेला शेवट

बोलून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवाव्यात अशी त्याची मुळीच अपेक्षा नव्हती. पण निदान कोणी तरी हं म्हणेल, खुर्ची सरकवेल, एवढं तरी त्याने धरलं होतं. कोणी काहीच केलं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत न घालता हातातच ठेवला. औषधवाला छताकडे बघत बसला. आणि तळटीप, म्हणजे वाचकमंडळातला तो उंच वकील, ज्याला कोणाच्याही बोलण्याखाली बारीक अक्षरात आपलं काही तरी जोडल्याशिवाय चैन पडत नसे आणि म्हणून ज्याचं हे नाव पडलं होतं, तो चक्क गप्प होता. शेवटी तोच बोलला, अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तसा. "दातवाले, पण ती परत येत नाही हो."

"कोण?"

"तीच. कादंबरीतली बाई. डेपोवर उभी राहते, बस निघून जाते, संपलं पुस्तक. परतबिरत काही येत नाही ती."

तो हसला. तळटीपला खोड्या काढायची सवय होती, आणि आपण महिनाभराने, डोळ्याचं ऑपरेशन वगैरे उरकून आलोय तर आपली थोडी गंमत चाललीय, असंच त्याला वाटलं. झेरॉक्सच्या दुकानावरची ही खोली, खालून येणारा गरम कागदाचा वास, चार खुर्च्या आणि दाराशी स्टुलावर रचलेली पुस्तकं. मंडळाचा नियमच होता तसा: पुस्तक दाराशी ठेवायचं आणि रिकाम्या हातांनी आत यायचं. हातात पुस्तक असलं की माणूस उतारे वाचून वेळ काढतो, स्वतःचं काही बोलत नाही, असं बाईंचं म्हणणं. जे डोक्यात उरलं तेच मत. आणि दुसरा नियम, बोलणाऱ्याचं संपेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही. त्यामुळे तो आज मनसोक्त बोलला होता. कादंबरी चांगली आहे, म्हणाला, बाई घर सोडून जाते तिथपर्यंत तर फारच चांगली आहे, पण शेवट पटला नाही. इतक्या महिन्यांनी बाई परत येते. दाराचं कुलूप नवऱ्याने बदललेलं नाही, तिच्याकडची किल्ली लागते. आत स्वयंपाकघरात नळ गळतोय, खाली ठेवलेलं पातेलं भरून वाहतंय. ती बॅग खाली ठेवते, पातेलं ओतते, परत नळाखाली ठेवते, आणि मग चपला काढते. इथपर्यंत ठीक. पण आतल्या खोलीतून नवरा काय विचारतो? तर म्हणे, दार लावलंस का? इथे त्याने थांबून तिघांकडे पाहिलं होतं, आता हशा येणार म्हणून. आला नाही तेव्हा त्याने आणखी रेटून सांगितलं होतं, की बायको परत आलीय आणि हा दाराचं विचारतोय, असा ठोंब्या नवरा जगाच्या पाठीवर कुठे असतो का? लेखक शेवटी दमला, घाईघाईत काही तरी उरकून मोकळा झाला.

"तुमचं पुस्तक बदललं असेल," औषधवाला समजुतीने म्हणाला. "होतं असं. आमच्याकडे दोन गोळ्यांची पाकिटं इतकी सारखी असतात, की माणूस थंडीतापाची समजून नेतो आणि पोट साफ करून बसतो."

"नाही हो. हेच. लॉन्ड्रीत काम धरते ना ती?"

"लॉन्ड्रीत धरते," बाई म्हणाल्या. "ते आहे." आणि मग चष्मा डोळ्यांवर चढवत, "पण तुम्ही सांगितलात तो शेवट मला फार आवडला. ते पातेलं. आमच्या लेखकाला सुचलं असतं तर बरं झालं असतं."

आता ते गमतीत नव्हतं एवढं त्याला कळलं. बाई गंमत करत नसत. "मी वाचलं नाही," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला उगाचच चोरी पकडल्यासारखं झालं. "मला वाचून दाखवलं." कोणी, असं तळटीपने विचारलं, आणि तो म्हणाला, घरी. यावर तिघंही एकमेकांकडे न बघण्याची इतकी काळजी घ्यायला लागले, की त्यापेक्षा ते बघते तर बरं. माझाच घोटाळा झाला असेल, डोळ्याचं झाल्यापासून जरा असं होतंय, तो पुटपुटला, जणू काही त्याच्या कानांचंच ऑपरेशन झालं होतं. मग औषधवाल्याने आपलं मत सुरू केलं आणि त्याच्या कानात त्यातलं अक्षर शिरलं नाही.

डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा डॉक्टरांनी तो चिकटवला आणि आत वायूचा एक बुडबुडा भरून ठेवला. बुडबुडा वर चढतो, म्हणून माणसाने खाली तोंड करून पडायचं, म्हणजे तो मागच्या पडद्याला टेकून राहतो. हे ऐकायला सोपं आहे. दिवसरात्र पालथं पडून राहिलं की मग कळतं, आपलं सगळं जगणं तोंड वर करून चाललेलं असतं ते. बायकोने चेहऱ्यापुरतं भोक असलेलं एक बाक कुठून तरी भाड्याने आणलं, आणि त्या भोकातून त्याला फरशीच्या दोन चौकटी दिसायच्या, त्यांच्यामधली काळी पडलेली रेघ, आणि ती वाचायला बसली की तिची पावलं. बाकी तिचं काही नाही. चेहरा नाही, हात नाही, पुस्तक तर नाहीच. मंडळाचं पुस्तक महिन्याच्या महिन्याला घरी यायचंच, ती म्हणाली, मी वाचू का, आणि तो म्हणाला, वाच, नाही तरी फरशी किती बघणार. ती तशी वाचणारी बाई नव्हती, निदान त्याचा तसा समज होता. आवाज मात्र चांगला लागला. पहिल्या दिवशी अडखळत, शाळेतल्यासारखी, पुढे सरावली. त्याला तेव्हा सुख वाटलं होतं. चांगलंच सुख. इतक्या वर्षांत आपण एवढा वेळ एका खोलीत बसलोच नव्हतो, हेही त्याच्या मनात येऊन गेलं होतं, आणि बोलायचं राहून गेलं होतं.

मंडळ संपल्यावर तो खाली उतरला, आणि जिन्याच्या वळणावर, जिथे दिवा होता, तिथे थांबला. पुस्तक काढलं. ऑपरेशनच्या डोळ्याने बघितलं की ओळ मधोमध खचायची, ओल्या पुठ्ठ्यासारखी. म्हणून त्याने तो डोळा हाताने झाकला आणि दुसऱ्याने शेवटचं पान वाचलं. डेपो होता. बाई होती. बस निघून गेली आणि तिच्या चाकांखाली तिकिटाचा कपटा गेला. खाली पांढरं पान. त्याने मागचं पान बघितलं, त्याच्या मागचं बघितलं. पातेलं कुठेच नव्हतं. मग त्याला शिंपी आठवला. बाईने शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली होती, आणि खालचं यंत्र चालू झालं की तिचा पलंग बारीक थरथरायचा, आणि काही दिवसांनी तिला त्या थरथरीशिवाय झोप येईनाशी झाली. हे त्याने ऐकलं होतं, शपथेवर सांगेल तो. त्याने पानं उलटली. छापलेली बाई कामगार बायकांच्या वसतिगृहात राहत होती, खोलीत चौघी, खिडकीला जाळी. शिंपी नव्हता. यंत्र नव्हतं. तो जिन्यात उभा राहून पुस्तक पुढे मागे चाळत राहिला, आणि झेरॉक्सवाला खालून म्हणाला, "काका, काही पडलं का?" तो म्हणाला, "नाही, सापडतंय का बघतो."

रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. तो चालत निघाला आणि कुठल्या बाजूला वळायचं ते पायांवरच सोडून दिलं. बायको एका उन्हाळ्यात घर सोडून गेली होती आणि थंडी पडायच्या आत परत आली होती, याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होती. विचारणाऱ्यांना तो सांगायचा, बहिणीकडे गेलीय, बहिणीला बरं नसतं. आणि एक दिवस बहिणीचाच फोन आला, ठणठणीत आवाजात. "भावजी, ताईला द्या ना जरा." त्याने हातातली गिऱ्हाइकाची कवळी टेबलावर पालथी घातली आणि म्हणाला, "आत्ताच बाहेर गेली." बस. एवढंच. त्यानंतर ना त्याने शोधलं, ना कोणापाशी बोलला. आणि ती परत आली तेव्हाही त्याने एका शब्दाने विचारलं नाही की कुठे होतीस, का गेलीस, का आलीस. हा आपला मोठेपणा, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. दुसरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. आपण नाही घेतलं. कधी कधी, कामात असताना, तो स्वतःला हे मनातल्या मनात सांगायचा आणि त्याला स्वतःविषयी बरं वाटायचं. ती परत आली तो प्रसंगही त्याच्याजवळ नीट होता: तो टेबलाशी तीन खोट्या दातांचा पूल घासत बसलेला, दार वाजलं, तो उठला, तिच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, आलीस, बरं झालं. हे त्याला स्पष्ट आठवत होतं. इतकं स्पष्ट, की आता चालता चालता त्याला त्याचीच शंका यायला लागली.

कारण त्याचं काम होतं खोटे दात करण्याचं, आणि या कामात एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. खोटा दात ओळखू येतो तो वाईट असल्यामुळे नव्हे, फार चांगला असल्यामुळे. शेजारच्या दातांना चहाचा डाग असतो, बारीक तडा असतो, आणि हा मध्येच नवरदेवासारखा चकचकीत. म्हणून चांगला कारागीर नव्या दातावर मुद्दाम एक फिकट डाग चढवतो, म्हणजे तो त्या बत्तीशीत खपून जातो. बॅग घेतली, बरं झालं म्हणालो, यात डाग कुठे होता? आणि पातेल्यात तर डागच डाग होता. चपला न काढता आधी पातेलं ओतणारी बाई कोणी बसून रचत नाही. तो नळ गळत होता, हे खरं होतं. तो त्याने बसवून घेतला होता, नवा वायसर घालून, पण ती यायच्या आधी की नंतर, हे काही केल्या आठवेना. आणि दाराचं म्हणाल तर दाराचं तो सगळ्यांनाच विचारायचा. त्याच्या टेबलावर चिनीमातीची पूड असायची, पिठापेक्षा हलकी, दार उघडं राहिलं की वाऱ्याने भुर्र व्हायची. दूधवाल्याला विचारायचा, मुलीला विचारायचा, एकदा डॉक्टरांनाही विचारलं होतं. मग त्या दिवशी नसेल विचारलं कशावरून? तो रस्त्याच्या कडेला थांबला. मागून येणारा सायकलवाला करवादला आणि वळसा घालून गेला. आपण तिला विचारलं असेल, दार लावलंस का, आणि तिने म्हटलं असेल, हो, आणि तेवढ्यावर सगळी वर्षं निघाली असतील. की तिने हे नुसतं रचलं? रागाने? की त्याची परीक्षा बघायला? की वाचता वाचता पुस्तक कंटाळवाणं झालं म्हणून सहज? त्याला काहीच ठरवता येईना. एका क्षणी वाटायचं, घरी जाऊन फाडकन विचारावं. दुसऱ्या क्षणी वाटायचं, आपल्यालाच ऐकण्यात चूक झाली, भूल उतरायला वेळ लागतो म्हणतात.

पण शिंप्याच्या खोलीचं वाचताना आपण काय म्हणालो, ते मात्र त्याला लख्ख आठवलं. तो म्हणाला होता, भोकात तोंड घालून, जरा झोपाळलेल्या आवाजात, "हा शिंप्याचा भाग लांबलाय, नाही? काही घडतच नाहीये." ती थांबली होती. तिच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळला आणि परत सरळ झाला. "बरं, पुढे जाते," ती म्हणाली होती. आणि पुढे गेली होती. आणि शेवट ऐकवल्यावर त्याने तो ठोंब्याचा शेरा मारला होता, हसत हसत, बाकावर हनुवटी आपटेपर्यंत. तीही हसली होती. की खोकली होती? त्याला पावलांवरून कसं कळणार. त्या शेवटच्या भागात पान उलटल्याचा आवाजच आला नव्हता, हे त्याला आता, रस्त्यात, इतक्या उशिरा आठवत होतं. ती मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बोलत होती आणि हा खाली पडल्या पडल्या तिला गुण देत होता. शिंपी कंटाळवाणा, नवरा खोटा, शेवट पडेल. एवढंही थोडं झालं म्हणून आज चार माणसांत जाऊन तेच पुन्हा सांगून आला होता. त्याला लाज वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि लाजेच्या मागोमाग भीती आली. एवढ्या वर्षांनी तिने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि आपण ते आपल्या मतांनी बुजवून टाकलं. आता ती पुन्हा उघडेल कशाला?

घरी पोचला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी शेंगा निवडत होती. तो दारातून तसाच आत गेला, चपलांसकट, हे त्याच्याही लक्षात आलं नाही. तिने वर बघितलं. "लवकर आलात. काय म्हणाले तुमचे वाचक?"

"चांगलं म्हणाले." तो खुर्चीत बसला. "शेवट आवडला बाईंना. ते पातेलं फार आवडलं म्हणाल्या."

तिचे हात थांबले. क्षणभरच. मग तिने शेंग मोडली, दाणे वाटीत सोडले, सालं बाजूला केली. "हो का," ती म्हणाली. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते त्याच्या जिभेवर येऊनही बसलं होतं. "मी म्हणालो, पटला नाही," तो म्हणाला. "मग जिन्यात उभं राहून शेवटचं पान वाचलं."

फ्रिज घुरघुरत होता. नळ गळत नव्हता, त्याने उगाचच तिकडे बघून खात्री केली. त्याला वाटलं, आता ती उठेल, कुकर लावेल, मुलीचा फोन येऊन गेला म्हणून सांगेल, आणि हेही त्या सगळ्यासारखं आत जाऊन बसेल. त्याने पिशवीतून पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. "पुन्हा वाचून दाखवतेस का? शेवटचं. मी मध्ये बोलणार नाही."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं, डोळ्यातली लाली किती उतरली ते बघावं तसं. मग हात पुसले, चष्मा घातला, पुस्तक उघडलं. सवयीने त्याची मान खाली गेली, टेबलावर कपाळ टेकायला. ती त्याने ओढून वर आणली. तिला वाचताना तो पहिल्यांदाच बघत होता. पान उघडं होतं ते डेपोचं, एवढं त्याला समोरून उलटंही कळत होतं. तिची नजर पानावर होती, पण ओळीवरून सरकत नव्हती. एकाच जागी ठरलेली होती, बोट टेकल्यासारखी. ती सांगत होती, की बस दमट होती आणि शेजारची म्हातारी तिच्या खांद्यावर झोपली, म्हणून तिला आधीच्या स्टॉपला उतरता आलं नाही, नाही तर ती उतरली असती. हे मागच्या वेळी नव्हतं. म्हणजे असलं तरी त्याने ऐकलं नव्हतं. किल्ली लागली, तिला त्याचं आश्चर्य वाटलं आणि थोडा रागही आला. नळ गळत होता. पातेलं भरून वाहत होतं, आणि ज्या अर्थी ते नळाखाली ठेवलेलं आहे त्या अर्थी कोणाला तरी त्याची फिकीर आहे, आणि ज्या अर्थी ते वाहतंय त्या अर्थी नाही, असं तिला वाटलं आणि यातलं खरं काय ते ठरवता येईना, म्हणून तिने ते ओतलं. परत ठेवलं. चपला काढल्या. आतून करवतीसारखा बारीक आवाज येत होता, तो थांबला. आणि इथे ती थांबली.

तो वाट बघत राहिला. तिने पान उलटलं नाही, मान वर केली नाही.

"पुढे?" तो म्हणाला.

"पुढचं तुम्हाला पटलं नव्हतं."

तिची नजर अजून पानावरच होती, आणि त्याच्या ध्यानात आलं की ती जागा त्याच्यासाठी मोकळी सोडलीय. इथे नवऱ्याने काही तरी बोलायचंय. आलीस, बरं झालं, हे तयार होतं, घासूनपुसून, आणि ते म्हणायला गेला तर तोंडात परकं लागलं. माफ कर म्हणावं, तर कशाबद्दल, हे तरी त्याला धड कुठे माहीत होतं? तिने काय सोसलं, किंवा कदाचित काही सोसलंच नसेल, शिंप्याच्या त्या खोलीत ती मजेत असेल, तो पलंग, ती थरथर, आणि इथे ती येऊन उगाच अडकली असेल. तिथे आणखी कोणी होतं का? आणि हे सगळं ऐकायची आपली तयारी आहे का? नव्हती. तरी त्याचं तोंड उघडलं.

"कुठे होतीस तू? आणि परत का आलीस?"

तिने चष्मा काढला. पुस्तक मिटलं, अगदी सावकाश, आणि शेंगांच्या सालांवरच ठेवून दिलं. तिचे डोळे भरून आले होते की दिव्याने तसे दिसत होते, हे त्याला नव्या डोळ्याने कळेना आणि जुन्यानेही कळेना.

"हे पुस्तकात नाहीये," ती म्हणाली.

"माहितेय."

मग तिने खुर्ची त्याच्या बाजूला ओढून घेतली. बाहेरून वाऱ्याची एक झुळूक आली आणि टेबलावरची हलकी सालं फरशीवर गेली.

"आधी दार लावून या," ती म्हणाली. "मग सांगते."

तो उठला. दार खरंच उघडं राहिलं होतं.